देवाचं बोलावणं

प्याला माझ्यापर्यंत आला आणि पुढे निघून गेला. छप्पन-सत्तावन्न साल असेल. मी एकोणीस वर्षांचा. बेंगळुरातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या चर्चमध्ये प्रभुभोजन चाललं होतं, सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्यायचा, आणि त्या रविवारी मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसलो होतो. नवा शर्ट, भांगात तेल, अगदी नवरदेव. मंडळीचे कारभारी प्याला घेऊन फिरत होते. त्यांचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले, माझे महाराचे. प्रभू दोघांचा एकच. माझ्यासमोर ते थांबले नाहीत. जाता जाता हळूच म्हणाले, "तुमचं शेवटी."

शेवटी म्हणजे बाकी सगळ्यांचे ओठ लागून झाल्यावर. मी उठलो, मागच्या बाकावर आईबापाशेजारी जाऊन बसलो. प्यालो. चव लागली नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात आपला वाटत नाही, तसं सगळं अंग.

त्याच महिन्यात मंडळीचे म्हातारे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, सायकलवरून आमच्या खोलीवर आले. आईला म्हणाले, "बाई, तुमच्या मुलाला देवाचं बोलावणं आलंय."

मी आठवडाभर तापाने पडलेलो. आईने असा हंबरडा फोडला की शेजारच्या कन्नड अक्का धावत आल्या आणि त्यांनी काही न विचारता माझ्या तोंडात पाणी घातलं. मी ठसका लागून उठून बसलो, तर त्याच पडायच्या बाकी राहिल्या. पाळकसाहेब घाम पुसत सांगत होते, मुलगा मरत नाहीये, त्याने पाळक व्हावं अशी देवाची इच्छा आहे. बाप म्हणाला, "म्हणजे तेच की."

मी नाही म्हटलं. चार वर्षं नाहीच म्हणत राहिलो. यशवंतपूरच्या कारखान्यात लेथवर उभा राहायचो. लोखंड कापताना, डबा उघडताना आतून हाक यायची. मी ओ देत नव्हतो. देवा, तुझ्या ज्या घरात मला ओलांडून जातात, तिथेच चाकरीला बोलावतोस?

एकदा हे पाळकसाहेबांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "त्या दिवशी मी पाहिलं होतं. गप्प बसलो."

तेव्हा पहिल्यांदा कुठेतरी टोचलं. मंडळीला पाळक होता, पण बोलणारा नव्हता. मला कशासाठी बोलावलंय ते कळलं. मी हो म्हटलं.

पाळकांच्या शाळेत जायला मंडळीची शिफारस लागे. बैठकीत कारभाऱ्यांनी सहीसाठी पेनचं टोपण काढलं आणि गोड हसले. "जरूर शिक. मग तुमच्या लोकांत जाऊन सेवा कर."

मी म्हणालो, "मी इथेच येणार."

टोपण परत पेनवर बसलं. पाळकसाहेब तेव्हाही गप्प होते.

त्या वर्षी शिफारस मिळाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी दर वर्षी अर्ज केला, आणि दर अर्जात सेवेच्या ठिकाणापुढे तेच दोन शब्द लिहिले: हीच मंडळी.