दवाखान्यापुढची शिंदी

शिंदीचं ते झाड दवाखान्यापुढे आणून उभं केलं तेव्हा मला जो राग आला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. शहाद्याकडच्या एका गावात नवा दवाखाना झाला होता. मी तिथली नर्स, मूळची कोकणातली. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार, दारात मात्र नुसता उघडा माळ. म्हणून ठेकेदारानं नाल्याकाठच्या एका विधवेच्या अंगणातली शिंदी भर उन्हात खणून बैलगाडीतून आणली. मुळं तर भाजीच्या जुडीची देठं छाटावीत तशी छाटलेली.

मागोमाग ती बाई आली. त्याच झाडाच्या पानांच्या केरसुण्या करून ती बाजारात विकायची.

"माले कोन्ही इचारं बी नई," ती म्हणाली.

"गावाच्या कामी आलं तुझं झाड. नाव होईल तुझं," ठेकेदार हसत म्हणाला.

"नाव काय चुल्हामा घालू?"

दोनच दिवसांत पानं लोंबायला लागली. माझं लहानपण माडांखाली गेलेलं, आणि शिंदी त्यांच्याच कुळातली. मी खालची पानं छाटली, वरची गोळा करून कोंबाभोवती सुतळीनं सैल बांधली. बुंध्याला वाशांचे टेकू दिले, वर गोणपाटाची सावली केली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी येऊन पाहते तर सुतळी कापलेली, आणि ठेकेदाराचा माणूस लोंबत्या, पिवळ्या पानांना हिरवा ऑइलपेंट फासतोय! मी त्याच्या हातातला डबा हिसकावून घेतला.

"सिस्टर, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," डॉक्टर म्हणाले.

"तुमचा एक दिवस होईल साहेब, झाड मरेल त्यात!"

पण डबा त्यांनी माझ्याकडून काढून घेतला आणि उरलेली पिवळी पानंही रंगवून झाली. पाहुणे आले, फीत कापली, सरबत प्यायले, गेले. झाडाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुणी तांब्याभर पाणी घालेना. मी रंगलेली पानं कापून टाकली, कोंबाजवळची हिरवी पुन्हा बांधली. संध्याकाळी ती बाई हंडा घेऊन यायची. मी बोलायला गेले तर म्हणाली, "तुम्ही सगळा एकच." तिचं काय चुकलं? माझ्या अंगावर सरकारचीच साडी होती. मी रोज मधला कोंब हलकेच ओढून बघायची. उपटून हातात आला म्हणजे झाड गेलं. तो घट्ट होता. पावसाळा सरता सरता त्याचं नवं पान उलगडलं.

झाड जगलं तसा ठेकेदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "आम्ही लावलं." पुढे ते चांगलं भरल्यावर बाई विळा घेऊन पानं कापायला आली, तेव्हा डॉक्टर धावत बाहेर आले.

"सरकारी झाड आहे ते! हात लावायचा नाही!"

मी मध्ये उभी राहिले.

"चोरून आणलेलं झाड सरकारी कसं होतं, ते मला लिहून द्या. मी वर पाठवते."

त्यांनी काही लिहून दिलं नाही. पाठ फिरवून आत गेले. बाईनं पानांचा भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे न बघता चालू लागली. माझी बदली होईपर्यंत ती येत राहिली, फाटकातून सरळ आत, कुणालाही न विचारता.