हकीमसाहेबांची पांढरी पुडी

नळदुर्गच्या हकीम हुसेनसाहेबांचं म्हणणं मान्य करायची सोय नव्हती. तुम्ही मान डोलावली, की ते लगेच पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहायचे. एकदा आमचे वडील मुद्दाम दवाखान्यात जाऊन म्हणाले, "हकीमसाब, तुमच्या काढ्यानं खोकला साफ गेला बघा." दुसरा कुणी खूश झाला असता. हकीमसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कशावरून? त्याच दिवशी तुम्ही विडी सोडली न्हाय का? थंडीबी कमी झाली. माझ्या काढ्याची शहानिशा झालीच न्हाय." वडील बिचारे आपली स्तुती जशीच्या तशी घेऊन घरी आले.

दवाखाना म्हणजे आमच्या भिंतीला लागून एक खोली. कपाटात दोन तऱ्हेच्या पुड्या असत, तांबड्या कागदातल्या आणि पांढऱ्या कागदातल्या. तांबड्या दुखण्याला, हे माहीत होतं. पांढऱ्या कशाला, ते एके दिवशी अचानक कळलं. चहा अगोड लागला म्हणून हकीमसाहेबांनी पांढरी पुडी फोडली, कपात ओतली आणि शांतपणे ढवळू लागले. मी बघतच राहिलो. "काय बघतोस दत्तू? ज्याला काय झालंच न्हाय, त्याला काय जमालगोटा देऊ?" पुडीत वाटलेली साखर आणि चिमूटभर बडीशेप होती. पुढे लढाई लागली, साखर सरकारी कंट्रोलात गेली आणि त्यांचं खोटं औषध खऱ्यापेक्षा दुर्मिळ झालं. तेव्हा ते स्वतः अगोड चहा पीत, पण पांढऱ्या पुड्या बांधायचं काही सोडलं नाही.

मी त्या वेळी हैदराबादला फलसफा, म्हणजे तत्त्वज्ञान, शिकत होतो. एखादा नीतीचा प्रश्न घेऊन त्यावर चिकित्सक मजमून, म्हणजे निबंध, लिहायचा होता. मला विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. 'मरीजाच्या भल्यासाठी त्याला फसवणं जायज आहे काय?' असा मथळा दिला आणि बारा पानं हकीमाला झोडपून काढलं. खोटं औषध देणारा हकीम माणसाची अक्कल गहाण टाकून घेतो, वगैरे वगैरे. माझ्यावर मीच फार खूश होतो. उस्तादांनी मजमून परत केला आणि खाली लिहिलं, 'दुसरी बाजू कुठं आहे?' दसऱ्याच्या सुट्टीत नव्यानं लिहून आणला नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. इकडे वडिलांनी तहसील कचेरीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मी नापास होण्याचीच ते वाट बघत होते म्हणा ना. नापास झालो की जन्मभर अर्जांच्या नकला करायच्या.

दुसरी बाजू कुणाला विचारणार? शेवटी आरोपीच्याच दारात गेलो. हकीमसाहेबांनी बाराही पानं वाचली, दोन ठिकाणी माझी उर्दू दुरुस्त केली आणि तोंड वाकडं केलं. मला वाटलं, रागावले.

"लई कमजोर मांडलंस रे मला," ते म्हणाले. "ह्यो हकीम कुणीबी पाडंल. बसलेल्या माणसाला पाडण्यात कसली मर्दुमकी? आधी मला नीट उभं कर. मग पाड."

आणि मग स्वतःची बाजू त्यांनी अशी उभी केली, की तीन दिवसांत मीच त्यांच्या पक्षाला जाऊन मिळालो. "बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. झालं! ते तत्काळ माझ्या जुन्या बाजूला आले. "बरोबर कसं? मरीजाला पुसलं का कुणी?" पुन्हा तीन दिवस. सुट्टी संपत आली आणि माझा कागद कोराच.

बाजाराच्या दिवशी जळकोटच्या काशीबाई आल्या. साठीच्या, ठणठणीत. गेली चार वर्षं दर बाजाराला त्या छातीत धडधडतं म्हणून यायच्या आणि पांढऱ्या पुड्या घेऊन जायच्या. त्या ओट्यावर टेकत होत्या, तेवढ्यात हकीमसाहेब माझ्या कानाशी लागले.

"हिला आज खरं सांगू या. तुझा मजमून खरा का खोटा, इथंच ठरंल."

माझी पाचावर धारण बसली. "नका हो सांगू! तिचा विश्वास उडेल, खरंच धडधडायला लागेल!"

"वा मियाँ! बारा पानं लिवलीस अन् आता तूच म्हणतोस, फसवा?" त्यांचे डोळे नुसते चमकत होते. मग घसा खाकरून ते वळले. "काशीबाय, एक सांगायचं हाय. ह्या पुडीत दवा न्हाय. साखर हाय नुसती."

काशीबाई दोघांकडे आळीपाळीनं बघू लागल्या. मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तयारच होतो.

"मग? म्या काय आंधळी हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "पहिल्याच बाजाराला कळलं मला. कंट्रोलात साखर कुठं गावती? घरात समदे च्या ह्याच्यातच करतेत. बडीशेप तेवढी कमी घाला हकीमसाब, पोरं नाक मुरडतेत."

जन्मात पहिल्यांदा हकीमसाहेबांना दुसरी बाजू सापडेना.

"अन् धडधड?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"ती कवाच न्हवती. पर तुमी हात धरून नाडी बगता, निजती का, जेवती का पुसता. घरी कोण पुसतंय?" काशीबाईंनी हात पुढे केला. हकीमसाहेबांनी निमूटपणे नाडी बघितली, सगळं विचारलं आणि त्या दिवशी दोन पुड्या जास्त दिल्या.

त्या गेल्यावर हसून हसून त्यांना ठसका लागला. "लिव दत्तू, लिव! चार वर्षं म्या बिनसाखरेचा च्या पितोय, अन् जळकोटात माझ्या दव्याचा च्या चाललाय! फसवणारा कोण अन् फसला कोण, ते आता तूच ठरव."

मी लिहिलं. आधी हकीम उभा केला, मग पाडला, आणि शेवटी काशीबाईंना दोघांच्या वर बसवलं. उस्तादांनी परीक्षेला बसू दिलं. खाली एकच ओळ होती, 'या बाईंना माझा सलाम सांगा.' हकीमसाहेबांना ती दाखवली तर ते चिडले. "अन् मला न्हाय का सलाम?"

निजामी गेली. मी कॉलेजात शिकवू लागलो. उन्हाळ्यात घरी आलो तर हकीमसाहेब अंथरुणाला खिळलेले. पाय सुजले होते, दम लागत होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आठवडाभर फार तर. मुलानं ते मला सांगितलं आणि तोंड फिरवलं.

मी जवळ बसलो. त्यांनी डोळे उघडले. "दत्तू, डॉक्टर काय बोलला?"

बारा पानं लिहिणारा मी म्हणालो, "काही नाही. दसऱ्याला दवाखान्यात बसाल."

त्यांचं ते ओळखीचं तोंड वाकडं झालं. "लई कमजोर मांडलंस. नीट उभं कर."

मला रडू येत होतं, पण मी उभं करायला लागलो. सूज कालच्यापेक्षा उतरली आहे म्हणालो. "ती रोज सकाळी उतरती." भूक लागते आहे. "सुनेची भीड पडती म्हणून खातो." नाडी हातात घेऊन म्हणालो, ठोके चांगले आहेत. "तुला काय कळतंय नाडीतलं?" दुपारभर आम्ही भांडलो. एकेक मुद्दा ते खोडत गेले, मी नवा आणत गेलो. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. सुनेनं दारातून दोनदा डोकावून पाहिलं. शेवटी ते थकले, उशीला टेकले.

"आता झाला उभा," ते पुटपुटले. "आता पाड."

त्यांचा हात माझ्याच हातात होता. नीज लागते का, जेवण जातं का, एवढंच मी विचारत राहिलो. पाडायला काही मला जमलं नाही. चौथ्या दिवशी ते गेले, आणि माझा तेवढा एक मजमून अर्धा राहिला.