‘गेट’ फेरीत का फिरलं नाही

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. बाबांपुढेसुद्धा नाही. आणि सांगायला बसलेय ती जागा तरी कुठली — दर शनिवारची ही, जिथे तुम्ही मला भरवशाने विचारता, “प्रज्ञा, या आठवड्यात काय वाचू?”

दर शनिवारी मी तुम्हाला यादी पाठवते. कुठल्या जपानी मालिकेचा नवा खंड आला, कुठलं बंगाली कॉमिक्स हिंदीत उतरलं, कुण्या पोराने घरच्या प्रिंटरवर स्वतःची चार पानं काढली. काय घ्यावं, काय टाळावं, कुणाची रेघ खरी, कुणाची नुसती चकचकीत. आज यादीत एकच नाव आहे. ते नवीन नाही. छापलेलंही नाही. आणि तुम्हाला ते कुठे मिळणार नाही — माझ्यामुळे.

थांबा. एकदम तिथे गेले तर मी पुन्हा स्वतःला वाचवेन. मुद्दा हातात आला की मी भाषण करते, मला माहितीये. म्हणून आधी माणसं सांगते.

मी वर्तकनगरच्या वसाहतीत वाढले. बाबा कंपनीतून आले की चहा, आणि चहानंतर जमिनीवर पत्रकांच्या चळती. घड्या मारायचं काम माझं. ‘निषेध’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी लिहिता यायचा, असं आई अजून हसून सांगते. विषय कुठलाही असो, पत्रकाच्या तळाशी बाबा एक ओळ टाकायचेच — वाचा आणि पुढे द्या. आणि वाटायला निघालो की दर वेळी तीच ताकीद: “घाई करू नको. देताना माणसाच्या डोळ्यांत बघ. तूच बघितलं नाहीस, तर तो कशाला वाचेल?”

ती तळाची ओळ मी पुढे आमच्या कॉमिक्सच्या गटात नेली. डोंबिवलीत एक शिकवणीचा वर्ग आहे. रविवारी सकाळी तिथली मुलं यायच्या आधी आम्ही त्याच बाकांवर बसतो. पुस्तकं महाग, म्हणून ती फिरतात. याला आम्ही ‘फेरी’ म्हणतो. नियम मी घातला: प्रत आठवडाभर ठेवायची, रविवारी पुढच्याच्या हातात द्यायची, आणि देताना तिच्याबद्दल एक वाक्य बोलायचं. काही न बोलता प्रत द्यायची नाही, आणि कुणाच्याच घरी प्रत थांबायची नाही. “पुस्तक अडवणं म्हणजे माणूस अडवणं,” असं मी पहिल्याच रविवारी उभी राहून म्हटलेलं. टाळ्या पडलेल्या. मला त्या आवडलेल्या.

फेरीतले सगळ्यांत जुने अभ्यंकर काका. बँकेतून निवृत्त, लहानपणापासूनचे अंक जपून ठेवलेले, प्रत्येकाला प्लॅस्टिकचं कव्हर. आणलेलं पुस्तक परत द्यायच्या आधी रुमालाने पुसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मी त्यांना सारखी टोचायचे.

“काका, तुमचे हे चड्डी बाहेर घालणारे हिरो कधी कुणा गरिबाची बाजू घेतात का हो?”

“अगं, त्यांनी बाजू घेतली असती तर पुढचा अंक कशावर काढला असता?” काका शांतपणे कव्हर नीट करत म्हणायचे. “पण तू रागवत जा. तू रागावलीस की यादी वाचायला मजा येते.”

हे ते मनापासून म्हणायचे, बरं का. माझी यादी ते छापून काढायचे आणि खुणा करून आणायचे.

आणि हर्षाली. बाळकुमची. दिवसभर एका कचेरीत बिस्किटांच्या पुड्यांवरची चित्रं करायची, आणि फेरीत यायची ती मागच्या बाकावर. तिचे वडील एकेकाळी भात लावायचे. त्या खाचरांवर आता टॉवर आहे. तिची आई त्याच टॉवरच्या गेटबाहेर मासळीची पाटी घेऊन बसते. सोसायटीने मासळीवाल्या बायांना गेटपासून हटवायचं ठरवलं, तेव्हा पत्रक मी लिहिलं आणि वाटायलाही मीच गेलेले. हर्षालीची ओळख तिथलीच. कॉमिक्सच्या फेरीत तिला मी आणली. म्हणजे हेही श्रेय माझंच, नाही का? मी ते किती वेळा मोजलंय मनात.

एका रविवारी ती निळ्या पुठ्ठ्याची मोठी चित्रांची वही घेऊन आली. आत तिने शाईने काढलेलं अख्खं कॉमिक्स. नाव ‘गेट’. मूळ चित्रंच, दुसरी प्रत नाही. फोनवर दोन-चार पानांचे फोटो, तेवढेच.

“फेरीत फिरू दे,” ती म्हणाली. “सगळ्यांची वाक्यं ऐकते, मग ठरवते छापायचं का. खोटं गोड बोलू नका हां, नायतर आईला सांगेन, ती पाटीवरचा कोयता घेऊन येईल.”

आम्ही हसलो. पहिलं नाव माझं होतं. माझ्यानंतर काका.

त्या वहीबद्दल तुम्हाला कसं सांगू? यादीत मी ‘अप्रतिम’ हा शब्द इतक्यांना वाटलाय की तो आता गुळगुळीत झालाय. तर नुसतं सांगते, त्यात काय आहे.

एक अख्खं पान आहे, त्यावर शब्द नाही. गेटवर उंच वॉचमन. ऊन चढतं तशी त्याची सावली सरकते, आणि सावलीबरोबर हर्षालीची आई आपली पाटी सरकवते. वॉचमन तिला हटवायला उभा आहे, आणि ती त्याच्याच सावलीत बसलेली आहे. त्यालाही ते कळलंय, कारण शेवटच्या चौकटीत तो एक पाऊल बाजूला घेतो — तिच्या डोक्यावर सावली यावी म्हणून. बस्स. एवढंच. मी या विषयावर दोन्ही बाजूंनी भरलेलं पत्रक लिहिलेलं, आणि त्या वॉचमनला त्यात ‘मालकांचा हस्तक’ म्हटलेलं.

पुढे एक मुलगी येते. आखूड केस, खांद्याला झोळी, हातात पत्रकांचा गठ्ठा. ती आईच्या हातात पत्रकं देते. आई म्हणते, “कागद चांगला जाडा हाय गो. आजून दे.” मुलगी देते. पण तिचा चेहरा — आईकडे नाही. मान वळलेली आहे, डोळे पुढच्या हातावर आहेत. दोन चौकटी आहेत तशा. दोन्हींत ती मुलगी देते एकीला आणि बघते दुसरीकडे.

ती मुलगी मी.

मग आई त्या पत्रकांत ओले बोंबील बांधून देते. मी लिहिलेला कागद बोंबलाभोवती गुंडाळून टॉवरमध्ये चढतो. लिफ्टने. ज्या दारांनी मला आत घेतलं नसतं त्या दारांतून थेट ओट्यापर्यंत. वर कुठल्यातरी मजल्यावर एक बाई पुडी सोडते, आणि नळ चालू ठेवून तो भिजलेला कागद उभ्या उभ्या वाचत राहते. तिचे फक्त हात आणि कागद दिसतात. शेवटच्या पानावर त्या टॉवरची गॅलरी आहे. दोरीवर कपडे. आणि कपड्यांच्या शेजारी, चिमटा लावून, वाळत घातलेलं पत्रक. तळाची बाबांची ओळ वाचता येते.

हे चिडवणं नव्हतं. मला तेव्हाही कळलं होतं — हा मुद्दा मला नीट लिहायचाय. गैरसमज झाला, असं मी म्हणू शकत नाही. माझ्या पत्रकावर कुणी इतक्या मायेने काही केलेलं नव्हतं. तिने मला हसून घेतलेलं आणि माझ्या कागदाला मान दिलेला, एकाच वहीत. आणि घोषणा एकही नाही. मी जे आयुष्यभर ओरडून सांगत आलेय, ते तिने एका चिमट्यात पकडलेलं.

मग मी काय केलं? कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली.

पुढच्या रविवारी हर्षाली आली नव्हती, कचेरीत काम होतं. मी काकांच्या पिशवीत दोन-तीन पुस्तकं घातली. वही घातली नाही. आठवडाभर अजून ठेवू, असं मनाशी म्हटलं. त्यानंतरच्या रविवारी हर्षालीने बाकावर बसायच्या आधीच विचारलं, “माझं गेट कुणाकडे पोचलं गं?”

किती सोपं होतं. ‘माझ्याकडे आहे.’ दोन शब्द. त्याऐवजी मी म्हणाले, “काकांकडे दिली ना मागच्या वेळी. पिशवीतच होती.”

काका माझ्याकडे बघत राहिले. “माझ्याकडे?” मग आपल्याच पिशवीत हात घालून, हळू आवाजात, “असेल हो. घरी बघतो.”

मी काका का निवडले? पुढचं नाव त्यांचं होतं, म्हणून — हे अर्धं. उरलेलं अर्धं असं: त्याच महिन्यात त्यांनी आम्हाला हसत सांगितलेलं की हल्ली दूध गॅसवर ठेवून विसरतात, आणि परवा भाजी आणायला जाऊन नुसती पिशवी घेऊन परतले. मला माहीत होतं ते स्वतःवर शंका घेतील आणि माझ्यावर घेणार नाहीत. आणि ऐका, याहून घाण — मी त्याला विचारांचा कपडासुद्धा चढवला. अशा सुखवस्तू घरच्या माणसाचं एका वहीने काय बिघडतं, त्यांच्या वाट्याला आयुष्यभर विश्वासच तर आलाय. असं मी मनात म्हटलं. ज्या शब्दांनी बाबांनी मला उभं राहायला शिकवलं, ते शब्द मी एका म्हाताऱ्या माणसावर खोटं ढकलायला वापरले.

मधल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. “प्रज्ञा, अगं हे सकाळपासून माळा काढून बसलेत. जेवलेसुद्धा नाहीत. कशी दिसते गं ती वही?”

वही माझ्या समोर, पलंगावर होती. मी तिच्याकडे बघत सांगितलं, “निळा पुठ्ठा आहे, काकू. कोपरा थोडा दुमडलेला.”

मी तेही सांगितलं. कोपरा दुमडलेला.

रविवारी काका उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, कुणाकडे लग्नाला आल्यासारखे. “हर्षाली, माझ्या हातून तुझं काम गहाळ झालं. मला क्षमा कर.” हर्षाली मागच्या बाकावरून धावत पुढे आली, “अहो काका, काय हे! बसा बघू. मी परत काढेन, त्यात काय. माझी आई रोज तिथेच बसते, कुठे पळून जाणारे!” तिने त्यांना पाणी दिलं. आणि मी? मीही त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “होतं असं, काका.” मी म्हणाले हे.

तिने परत काढलं नाही. एकदा विचारलं मी — हो, विचारायचीही हिंमत केली. म्हणाली, “बसले होते गं. हात आधीचंच आठवत बसतो, आणि ते तर येत नाही. मग नुसती नक्कल होते.” ती अजून पुड्यांवरची चित्रं करते. फेरीत येते, दुसऱ्यांच्या कामाबद्दल बोलते. आमच्यात तिच्याइतकं नेमकं आणि उदार कुणी बोलत नाही. माझ्या यादीतली कित्येक वाक्यं तिची ऐकलेली आहेत.

वर्गातल्या फळ्यामागे गुपचूप टाकून ‘सापडली’ म्हणता आलं असतं. सुचलं नव्हतं असं नाही. टाकली नाही, कारण सापडली असती तर सगळ्यांनी ती मान वळवलेली मुलगी पाहिली असती.

आणि काका. त्या दिवसापासून काका कुठलीही प्रत घरी नेत नाहीत. “माझा भरवसा नाही,” म्हणतात, हसून. फेरी संपते, आम्ही खाली चहाला जातो, आणि ते त्या लहान मुलांच्या बाकावर गुडघे आखडून बसतात. मिळेल तेवढ्या वेळात वाचतात, पान सांभाळून उलटतात, शिकवणीची मुलं यायला लागली की रुमालाने पुसून प्रत टेबलावर ठेवतात. बरीच पुस्तकं त्यांची अर्धीच राहिलीत. तीन वर्षं मी हे बघतेय. त्यांनी माझ्या यादीवर खुणा करणं सोडलेलं नाही.

हे मी लिहून काढलं, कारण तोंडी सांगायला गेले तर वाटेत शब्द बदलेन. रविवारी हे मी वर्गात उभी राहून, दोघांसमोर, असंच्या असं वाचेन. तुमच्याकडे ते त्यानंतरच पाठवेन. म्हणजे तुम्ही हे वाचताय, तेव्हा मी ते वाचलेलं आहे.

यादी: ‘गेट’. लेखन आणि चित्रं हर्षालीची. शाई, निळा पुठ्ठा, एकच प्रत. छापायची का, कुणाला दाखवायची का, हे ती ठरवेल, मी नाही.

देताना बोलायचं ते माझं एक वाक्य राहिलंय: त्यातली आखूड केसांची मुलगी बरोबर काढलीय.

वही मी पुसून पिशवीत ठेवलीय. आधी हर्षालीच्या हातात. मग तिची परवानगी असेल तर फेरीत, जिथे थांबली तिथूनच. पुढचं नाव काकांचं आहे.