सर म्हणजे बाजूला हो

संतपूरची कोंडाबाई लहानपणी बापामागे मेंढरं वळायची. पुढे पोटासाठी गुलबर्ग्याला आली. विद्यापीठात नवी इमारत चढत होती. तिथं तिचं काम एकच, वरून काही निसटलं की खालच्यांना ओरडून सावध करायचं. मान अवघडली तरी तिची नजर खाली येत नसे.

एकदा वीट निसटली. खालून रसायनशास्त्राचे प्राध्यापक चालले होते.

“सर! सर!” कोंडाबाई ओरडली.

आपल्यालाच हाक मारली असं वाटून ते जागीच थांबले. “काय अक्का?”

वीट त्यांचा खांदा सोलून गेली.

“पुन्हा असं झालं तर गावाकडं जायचं,” मुकादम सिद्धरामनं तिला बजावलं.

कोंडाबाईनं ‘सर’ हा शब्दच टाकला. चार दिवसांनी वरून फळी घसरली, तेव्हा तिनं मेंढरं पांगवायची हाळी दिली, “हुर्रर्र हाऽऽ!” कानडी, तेलुगू, मराठी, सगळे एकदम पांगले. प्राध्यापक सगळ्यांच्या पुढे. फळी मोकळ्या मातीत आपटली.

“आमाला मेंढरं समजलीस व्हय गं?” सिद्धराम धापा टाकत म्हणाला.

“मेंढरं ‘काय अक्का’ म्हणत थांबत न्हाईत,” ती म्हणाली आणि पुन्हा वर बघू लागली.