नेसरीच्या देव्हाऱ्यातला टायबेरियस

कोल्हापूरची माणसं नेसरीला दोनच कारणांनी जातात. एकतर सोयरीक असते, नाहीतर त्या सात स्वारांचं स्मारक बघायचं असतं. २००६ च्या हिवाळ्यात मी गेलो तो थोरल्या भावाच्या देव्हाऱ्यातला एक रोमन बादशहा मागून आणायला. हसू नका. त्या बादशहापायी मी बारा वर्षं सख्ख्या भावावर जळत होतो.

आधी भानगड काय ती सांगतो. नेसरी आमचं गाव. घरच्या देव्हाऱ्यात टाक आहेत, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले देव: खंडोबा, भवानी, जोतिबा. त्यांच्या शेजारी चौथा एक, गोल, जाड, चार आण्याच्या नाण्याएवढा. तो आमचा मूळपुरुष. एका अंगाला बुवाचं तोंड, दुसऱ्या अंगाला खुर्चीवर बसलेली बाई. एरवी बुवा वर, नवरात्रात बाई वर. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, घरात कुणालाच वाटलं नाही.

मग मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे नमुने करायला लागलो आणि शिवाजी पेठेत बिऱ्हाड केलं. १९९४ साली कोल्हापुरात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन लागलेलं. काचेखाली आमचा मूळपुरुष! तेच लांब सरळ नाक, तेच दाबून धरलेले ओठ. खाली पाटी: रोमचा सम्राट टायबेरियस. दोन हजार वर्षांपूर्वी मिरी-मसाल्याच्या बदल्यात ही चांदी आपल्याकडं जहाजानं यायची म्हणे. त्यातलंच एखादं आमच्या कुणाच्या तरी नांगराला लागलं असणार, त्यानं कपाळाला लावून ते देवात ठेवलं असणार. मी घरी आलो तो ताप आल्यासारखा.

त्या दिवसापासून नाणी गोळा करायचं खूळ लागलं. रोमन बादशहांचे चेहरे मी आता झोपेतही ओळखतो. ऑगस्टस सत्तरी गाठली तरी नाण्यावर पंचविशीचाच, आपल्या चौकातल्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यासारखा. नीरो वर्षागणिक मानेला सुटत गेलेला. व्हेस्पासियन तर शाहूपुरीतला गुळाचा अडत्याच: टक्कल, सुरकुत्या, कुणी फसवू शकणार नाही असा. आणि टायबेरियस. त्याला गादी मिळेपर्यंत पन्नाशी उलटली, तोवर दर वेळी कुणीतरी दुसराच पुढं केला गेला. ते सगळं त्याच्या ओठांत दिसतं. याला मी आरशात बघितल्यासारखा ओळखतो.

माझ्या पगारात मिळाली ती झिजलेली तांब्याची नाणी. चेहऱ्याच्या जागी नुसतं टेंगूळ. आणि नेसरीत दादा, ज्याला रोम कुठल्या दिशेला ते ठाऊक नाही, तो अस्सल चांदीचा टायबेरियस दर पौर्णिमेला चिंच-राखेनं घासून लख्ख करतो! आबा गेले तेव्हा जमिनीची वाटणी बांधासकट झाली, पण देव थोरल्याकडंच राहतात, तशी रीतच आहे. मी मान डोलावली. आतून तिळपापड झालेला. २००६ च्या दसऱ्याला बघितलं तर नाकाचा शेंडा जवळजवळ सपाट. आणखी काही वर्षं घासला की माझ्या तांब्याच्या टेंगळांत आणि त्याच्यात फरक उरला नसता. तेव्हा ठरवलं, आता मागायचाच.

रिकाम्या हातानं देव मागता येत नाही. म्हणून गुजरीतल्या एका कारागिराकडून चांदीचा नवा टाक करून घेतला. चित्र मीच काढून दिलं, हुबेहूब टायबेरियसचं. घ्यायला गेलो तर पठ्ठ्यानं त्याला फेटा बांधलेला आणि वर झुपकेदार मिशी. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "बिनमिशीचा मूळपुरुष असतोय व्हय, पावणं?" भांडायला वेळ नव्हता. पुडी खिशात टाकली.

शिरोलीला साप्ताहिक सुट्टी सोमवारी, रविवारची रजा टाकली. पौर्णिमा सोमवारीच होती. रविवारी सकाळी मिसळ हाणून मोटारसायकल काढली. तुम्ही जाणार असाल तर रस्ता असा: हायवेनं कागल, मग कर्नाटकात शिरून निपाणी, संकेश्वर. संकेश्वरला उजवीकडं वळलं की गडहिंग्लज, तिथून पुढं नेसरी. हायवे चौपदरी झाल्यापासून संकेश्वरपर्यंत गाडी पळते. पुढं उसाच्या ट्रॉल्या. एकामागं एक अशा जोडलेल्या, मागं दिवा नाही, वर टेपवर गाणी. अंधार पडायच्या आत पोचा. जाऊन-येऊन दीडशे रुपयांच्या आसपास पेट्रोल लागतं. एसटीनं जायचं तर चंदगडची गाडी नेसरीला थांबते. राहायची सोय गडहिंग्लजला बघावी.

निपाणीत तंबाखूचा वास नाकात शिरला तसं माझं घोकणं सुरू झालं. दादा न्हाय म्हणाला तर असं बोलायचं, वैनी रडल्या तर तसं बोलायचं. गडहिंग्लजला चहाला थांबलो, तिथल्या माणसानं कुठं चाललाय विचारलं तर मी त्यालाच वाटणीचा कायदा सांगायला लागलो. त्यानं कन्नडमध्ये शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. पैसे देऊन निघालो.

दुपारी पोचलो. दादाची गुऱ्हाळाची जुळवाजुळव चाललेली. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आणि अजून पोतं एका दमात उचलतो. तेही मला बघवत नाही. वैनींनी भाकरी, वांग्याचं भरीत, दही समोर ठेवलं. शेवटी हात धुवायच्या आधीच बोलून टाकलं. प्रदर्शन, रोम, टायबेरियस, झिजलेलं नाक, सगळं. हा आपला कुणी पूर्वज नाही, परमुलखातला राजा आहे, हेही सांगितलं. नवा टाक पुढं ठेवला. आता वादळ येणार म्हणून मी मांडी घट्ट केली.

दादानं टाक उचलून उजेडात धरला, मिशीवरून अंगठा फिरवला.

"बारा वर्सं ह्येच घिऊन बसलतास व्हय मनात?" तो म्हणाला. "आदी बोलला असतास तर तवाच दिला असता की. उद्या पुनव हाय, बदलू."

बस्स. एवढंच. मी एवढी तयारी करून गेलेलो आणि समोरचा माणूस भांडायला तयारच नाही. खरं सांगू? आनंद व्हायच्या ऐवजी नाकाला मिरच्या झोंबल्या. देतानाही हाच मोठा! वैनींनी तेवढं विचारलं, की तो परमुलखातला असला तर इतक्या पिढ्या आमचं कसं चाललं मग. दादा म्हणाला, आला आसंल कुठनं तरी, आपण बी आलोयच की कुठनं तरी.

सोमवारी सकाळी दादानं आंघोळ करून देव ताम्हणात घेतले. दूध, पाणी, हळद. जुन्या मूळपुरुषाला नव्या टाकाला भिडवून दोघांवर एकच धार धरली. मग जुना पुसून माझ्या हातावर ठेवला आणि नवा त्याच्या जागी. वैनींनी कुंकू लावलं. म्हणाल्या, "आता कसा घरातल्यावाणी दिसतोय."

दादा वाकला. कपाळ जमिनीला टेकवून बराच वेळ तसाच राहिला. आदल्या दिवशी माझ्या खिशात वाटाणे-फुटाण्यांबरोबर आलेल्या त्या टाकापुढं तो असा वाकला, जसा आबा वाकायचे. उठला तेव्हा त्याचं तोंड शांत होतं. वैनींनी गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य मिशीवाल्यापुढं ठेवला. माझ्या तळहातावर टायबेरियस पडलेला, ओलसर, त्याला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा, सवयीनं, देव्हाऱ्यापुढंच हात जोडले. मूठ मिटलेली, त्यामुळं नीट जोडले गेले नाहीत.

निघताना दादानं गुळाची ढेप गाडीला बांधून दिली. वाटेत सात स्वारांच्या स्मारकापाशी थांबलो. तिथं जरूर जा, सकाळी गर्दी नसते. पण मी पायरीवर बसून भिंगातून नाणंच बघत राहिलो. नाक गेलंय, ओठ शाबूत. बाजारात याची किंमत चांगली येईल. चेहऱ्यावरचा कडवटपणा तर इतका स्पष्ट, की मी आजवर पाहिलेल्या कुठल्याच टायबेरियसवर तो असा उतरलेला नाही. संग्राहकाला आणखी काय पाहिजे?

संध्याकाळी शिवाजी पेठेत पोचलो. बायकोनं ढेप उतरवून घेतली आणि नाणं बघून विचारलं, ह्याला आपल्या देवात ठेवायचं का? मी म्हणालो, नाही, हे नाणं आहे. अल्बमचा प्लास्टिकचा खिसा त्याच्यासाठी कधीचा रिकामा ठेवलेला. सरकवला आत. बरोबर बसला.

लोक मला विचारतात, नेसरीला जाण्यासारखं आहे का. आहे. रस्ता चांगला, माणसं चांगली, गूळ तर विचारू नका. या दसऱ्यालाही सगळे गेलो होतो. दादा मिशीवाल्यापुढं वाकला, मागं वैनी, पोरं, सुना, मग आम्ही दोघं. बारा वर्षं ज्या नाण्यासाठी जळलो ते कोल्हापुरात माझ्या कपाटात, कुलपात आहे. आणि मी रांगेत उभा राहून दादाच्या पाठीकडं बघत होतो, अजून जळत.