बाजेखालचा विलायती ससा

त्या साली पेरणीच्या आधी आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, अंगावरून वारं गेलं. डावा हात आणि डावा पाय गेला, तोंड जरा वाकडं झालं. बोलणं मात्र राहिलं, आणि बोलण्याची धारही. तेव्हापासून त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं माझ्याकडे आलं. सासरे कधीच गेले होते, मूलबाळ आम्हाला नव्हतं. घरात आम्ही दोघी आणि माझे घरधनी. ते तर बैलबंडीवरच असायचे. दूर कुठल्या मुलखात लढाई लागली होती म्हणे, आणि त्यापायी वऱ्हाडातल्या कापसावर व्यापाऱ्यांच्या उड्या पडत होत्या. दर्यापूरकडच्या आमच्या गावातून कापसाच्या बंड्या कधी अमरावतीला जायच्या, कधी अकोल्याला. एकदा गेले की आठ-आठ दिवस त्यांचं तोंड दिसायचं नाही.

पौषात एकदा ते अमरावतीहून परतले तेव्हा रिकाम्या बंडीत एक टोपली होती. टोपलीत पांढराफेक, लाल डोळ्यांचा ससा. आमच्या तुरीत ससे निघायचे, पण ते मातकट, पाय लागला की बाण सुटल्यासारखे पळणारे. हा पळत नव्हता. कॅम्पातला, म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीतला, कापूस घेणारा कोणी साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या खानसाम्यानं हा देऊन टाकला.

"मायच्या मनाले विरंगुळा होईन," ते म्हणाले.

आत्याबाईंनी सशाकडे बघितलं. "अन् याचं करन कोन?"

ते बैल सोडायला वळले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि तिथंच ते ठरलं.

ससा पाळायचा कसा हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. शेजारीण म्हणाली, कापून खा. मी त्याला आत्याबाईंच्या बाजेखाली ठेवला, कारण मांजरापासून आडोसा तेवढाच होता. पहिले दोन दिवस त्यानं काही खाल्लं नाही. मग हरभऱ्याचा पाला घातला तर तो इतका खाल्ला की पोट टम्म फुगलं आणि कोपऱ्यात डोळे मिटून बसला. दिवसभर त्याच्या पोटावरून हात फिरवला. संध्याकाळी चार लेंड्या पडल्या तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "वाचला." त्या दिवसभर बघत होत्या हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून ओला पाला कमी आणि वाळलेलं गवत जास्त.

गवत मिळणं हेच मोठं काम होतं. त्या वर्षी ज्यानं त्यानं कापूसच पेरला होता. ज्वारी कमी, म्हणून कडबा कमी. असेल तो बैलांना. शेताचे धुरे-बांधसुद्धा लोकांनी नांगरून टाकले होते. हराळी फक्त नाल्याच्या काठाला उरली होती. आत्याबाईंना सकाळी न्हाऊ घालून, भाकरी टाकून, मी विळा घेऊन नाल्यावर जायची. वाटेत बाया कापूस वेचताना दिसायच्या. त्यांच्या हाताला रोज मजुरी होती, गळ्यात नवे मणी होते. त्या मला विचारायच्या, "काय व, कोनासाठी गवत आनून राहिली?" सशासाठी असं सांगायची मला लाज वाटायची. मी म्हणायची, बैलासाठी.

ससा काहीही कुरतडायचा. बाभळीची काटकी दिली तर ती, नाही तर माझ्या लुगड्याचा काठ. एके दिवशी दुपारी आत्याबाईंची बाज एका अंगाला खाली गेली. बघते तर पायथ्याची दोरी त्यानं कुरतडून तोडली होती. आत्याबाई कलंडून भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांच्या घशातून चमत्कारिक आवाज येत होता. मी घाबरले. मग दिसलं, त्या हसत होत्या. वारं गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मला हसू आलं नाही. मला त्यांना खाली उतरवायचं होतं, बाज पुन्हा विणायची होती, परत वर ठेवायचं होतं. पाठ मोडून गेली.

पण त्यानंतर त्या त्याला वर घ्यायला सांगू लागल्या. मी त्याला त्यांच्या उजव्या कुशीत ठेवायची. त्या चालत्या हातानं त्याचे कान चोळायच्या, आणि तेवढ्या वेळात मी रेच्यावर, लाकडी चरकावर, बसून कापसातली थोडी सरकी काढून घ्यायची. तेवढा वेळ त्या मला हाक मारत नसत. सशाचा मला झालेला उपयोग एवढाच, आणि तो कमी नव्हता.

फाल्गुनात त्यानं छातीवरचे केस उपटायला सुरुवात केली. मला वाटलं खरूज झाली. तोंडात केस धरून तो बाजेखालच्या कोपऱ्यात न्यायचा, रेच्याजवळ पडलेला कापूसही न्यायचा, आणि तिथं त्यानं मऊ खळगा केला. शेजारीण आली होती, ती वाकून बघून म्हणाली, "हे तं मादी हाय. पिल्लं होनार."

आत्याबाईंना फार आनंद झाला. मला हिशेब लागेना, एकटी मादी, नर नाही. पण आत्याबाईंचा आनंद मोडवेना. त्या मला रोज सकाळी बाजेखाली बघायला लावायच्या. "झाले काय?" मी म्हणायची, "नाई, आत्याबाई." बरेच दिवस असे गेले. मग ती त्या खळग्याकडे फिरकेनाशी झाली.

पुन्हा शेजारीण आली. बघितलं आणि म्हणाली, "वांझच दिसते. फुकट चारून राहिल्या तुमी."

तो शब्द आमच्या घरात नवा नव्हता. आत्याबाईंनीच मला तो कितीदा ऐकवला होता, लेकाचं दुसरं लगीन लावते म्हणाल्या होत्या. मी त्यांची कूस बदलत होते. त्यांचं अंग माझ्या हाताखाली ताठ झालं.

"तो शब्द माह्या घरात बोलू नको," त्या म्हणाल्या.

"मी सशाले म्हनलं, बाई."

"कोनालेच नको म्हनू."

शेजारीण थोडा वेळ बसली आणि गेली. आत्याबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण इतकी वर्षं ते ऐकून घेतल्यावर माझ्यात आनंदाला जागाच उरली नव्हती. मी त्यांच्या पाठीखाली गोधडी सारली आणि पाणी आणायला गेले.

वैशाखात विहीर तळाला गेली. ऊन असं की दारातला दगड हाताला सोसवत नव्हता. दारावर ओलं तरट टांगायचं, आत्याबाईंच्या अंगावर ओलं फडकं, सशाजवळ ओल्या मातीचा गोळा. ते वाळलं की पुन्हा ओलं करायचं. ससा जमिनीवर लांब पसरून पडायचा, बरगड्या भराभर हलायच्या. आत्याबाई म्हणायच्या, "माह्या अंगावरचं त्याले घाल." मी दोघांनाही घालायची आणि पुन्हा विहिरीवर जायची.

एका दुपारी विहिरीवरून आले आणि घागर उतरवून भिंतीला टेकले, तर डोळा लागला. जाग आली तेव्हा तरट वाळून कडक झालं होतं. बाजेखाली हात घातला. ससा गरम होता, पण हलत नव्हता.

"गेला काय?" आत्याबाईंनी विचारलं. त्या जाग्याच होत्या.

"हो."

"मले दिसलं होतं. तुले उठवलं नाई." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू झोपली होती."

मी त्याला परसात, शेवग्याखाली पुरलं. मला रडू आलं नाही. मला त्याचा लळा होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विळा हातात घेतला आणि मग कळलं, आज जायचं नाही.

हे अकोल्याहून आले तेव्हा त्यांनी बाजेखालची रिकामी जागा बघितली. "दुसरा आनू काय? पाहातो कॅम्पात."

"नको," आत्याबाई म्हणाल्या. "पोरगी थकली हाय."

त्यांच्या तोंडून हे असं, मी समोर असताना, पहिल्यांदाच. घरधन्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, जणू मी कुठं दुखतं ते सांगणार आहे. मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

पुढं लढाई संपली म्हणे, आणि कापसाचा भाव पडला. बंड्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. हे घरी राहू लागले, आधी अंगणात नुसते बसायचे. एके दिवशी आत्याबाईंनी त्यांना हाक मारली, मला नाही. "इकडे ये. मले कुशीवर कर." त्यांना जमेना. त्या त्यांना सांगत होत्या, हात कुठं घाल, कुठं धर. मी चुलीपाशी उभी राहून ऐकलं. मग मागच्या खोलीत गेले, जमिनीवर पदर अंथरला आणि दुपारची झोपले.