समाधीवरची खुंटी

पूल नको असं मी कधीच म्हणाले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवसांत निम्म्या गावाने मला पुलाची वैरीण ठरवलं होतं. चिंताकीच्या वाटेवरचा आमचा ओढ्याचा पूल मधोमध खचलेला, बस बंद, पोरं शाळेला पायी जायलेली. मी जन्मभर मास्तरीणबाई. मला पोरांचे हाल कळत नाहीत व्हय?

जुना पाडून नवा पूल बांधायचा ठरला. तो होईपर्यंत गाड्यांसाठी बाजूने कच्चा रस्ता काढायचा, ओढ्यात सिमेंटचे नळे टाकून. खालच्या अंगाला डोह आहे, तिकडून जमत नाही. राहिलं वरचं अंग, म्हणजे आमचं शेत. दोन वर्षांपुरती एक पट्टी द्यायची, काम झालं की जमीन परत. मी तोंडी होकार देऊन मोकळी झाले.

मग एका सकाळी शेतात गेले तर फक्कीची पांढरी रेघ ओढलेली, आणि त्या रेघेवर, बरोबर माझ्या मालकांच्या समाधीत, लाल खुंटी ठोकलेली.

आमच्यात माणूस जाळत नाहीत. हातात इष्टलिंग देऊन बसवतात आणि माती देतात, ज्याच्या त्याच्या शेतात. वर चौथरा बांधू बांधू म्हणत राहूनच गेला होता. एक दगड, त्याच्यावर मी अमावस्येला लावते ती विभूती, बस्स. परक्याला काय कळणार? पण तळपायाची आग मस्तकाला गेली ती गेलीच. खुंटी उपटली आणि दिली ओढ्यात भिरकावून.

इंजिनियर धावत आला. बेंगळूर बाजूचा, पोरगेलासा. आम्ही सीमेवरची माणसं, कन्नडमध्येच बोलणं झालं. कळल्यावर त्याने आधी पायातले बूट काढले, एवढा चांगला होता. मग हळूच म्हणाला, "अम्मा, समाधी दुसरीकडे हलवता येईल का?"

"बसलेल्या माणसाला उठवतोस का रे?"

"तात्पुरतंच आहे, अम्मा. वर मुरूम टाकू, खाली धक्का लागणार नाही."

"तुझ्या अप्पाच्या डोक्यावरून दोन वर्षं लॉऱ्या घालशील?"

बिचारा नकाशा उलटासुलटा करून म्हणाला, रस्ता थोडा आत वळवता येईल, पण मग तो शेजारच्या शेतातून जाईल. त्या मालकाने हो म्हणायला हवं.

झालं! शेजारचं शेत माझ्या धाकट्या दिराचं. वाटणीत विहिरीवरून भांडण झालं तेव्हापासून आमचं बोलणं बंद. बांधावर समोरासमोर आलो तर तो आभाळाकडे बघायचा आणि मी ढेकळांकडे. त्यात त्या जागी त्याचा कमरेएवढा कोवळा ऊस उभा. मी त्याच्या दारात जाऊन पदर पसरू? मेले तरी नाही. इंजिनियरला म्हटलं, तूच जा बाबा.

तो गेला आणि तोंड पाडून परत आला. "सगळं सांगितलं, अम्मा. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक शब्द न बोलता उठून गेले."

"मुलखाचा खडूस हाय त्यो," मी म्हटलं. घरी येऊन जावेच्या सात पिढ्या उद्धरल्या, तिचा काही संबंध नसताना. सोमवारी मशीन येणार होतं. गावातली माणसं येऊन समजावून गेली, अक्का, एका दगडापायी सगळ्यांची वाट कामून अडवायलाव? मला वाईट वाटलं ते याचं, की ते दगड म्हणाले. त्यांच्यातल्या कितीकांना मालकांनी अडीनडीला बैलं दिली होती.

सोमवारी उजाडायच्या सुमारास मी शेत गाठलं. मशीन आलं की समाधीपाशी बसून राहायचं, उचलून न्यायचं तर नेऊ दे, एवढंच डोक्यात. तर पलीकडून सपासप कोयत्याचा आवाज. बांधावर चढून बघितलं. दीर एकटाच ऊस तोडत होता. ना कारखान्याला जायचा, ना बेण्याला उपयोगाचा, तसा कोवळा ऊस. बांधाकडेची अर्धी पट्टी आडवी झालेली.

इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून निघालं, "भावजी, कोवळा ऊस कामून तोडायलाव?"

त्याने मान वर केली नाही. "गाड्या जायच्यात म्हणं हितनं."

"तुम्ही तर काई न बोलता उठून गेलाव म्हणं."

"बोलणार काय? परका माणूस घरी येऊन सांगतोय, तुमच्या भावाच्या समाधीत खुंटी ठोकली म्हणून. तुम्ही मला हाक न्हाई मारलाव, वैनी." कोयता थांबला. "तुमचे मालक गेले, तसा माझा अण्णा गेला की. त्येच्यावरनं लॉरी जाऊ दीन व्हय मी?"

मी बांधावर बसले आणि हमसून हमसून रडले. तोही पडलेल्या उसात खाली बसला, तोंडावर टॉवेल धरून. मालकांना माती दिली त्या दिवशी तो एका बाजूला उभा होता आणि मी दुसऱ्या. रडलो होतो ते आपापल्या घरी जाऊन.